मोगऱ्याच्या वासाचं करडू

त्या सकाळी दवाखान्यात होतं ते असं: डोळा सुजलेली एक म्हैस, एकाच दोरीला बांधलेल्या दोन शेळ्या, पाटीखाली झाकलेल्या अकरा कोंबड्या, वकील नावाचा एक कुत्रा, पाच ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवणारा, बॅटरीवर चालणारा एक काटा, कुत्र्यांसाठीच्या शाम्पूची एक बाटली, मोगऱ्याच्या वासाची, अजून न फोडलेली, विद्यार्थी तीन आणि स्टुलं दोन.

स्टुलांवरून भांडण झालं नाही, कारण राम कधी बसायचाच नाही.

दवाखाना शेंद्र्यात, त्रिंबक सरांचा. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो काढला आणि यंदा मे महिन्यात नववी-दहावीच्या मुलांसाठी दोन आठवड्यांचा वर्ग ठेवला. जनावरांचा डॉक्टर दिवसभर नेमकं काय करतो ते मुलांनी बघायचं आणि जमेल तेवढं करायचं. मी नुकतीच पशुवैद्यकीची पदवी घेऊन त्यांच्याकडे लागले होते. सर मला म्हणाले, "दिपाली, मी जनावरं सांभाळतो, तू पोरं सांभाळ. तुझं काम अवघड आहे."

तिघांमधली तनुजा शेंद्र्याचीच. वडील सकाळच्या पाळीला कंपनीत आणि दुपारनंतर शेतात, घरी दोन गाई. त्यामुळे तिला गोठ्यातलं काही नवीन नव्हतं. तिला इंजेक्शनची सुई बघायची होती. राम सुट्टीला मामाकडे आलेला. त्याला कुठलाही आकडा दिसला की तो मोठ्यानं वाचायचा, मग तो थर्मामीटरवरचा असो की औषधाच्या खोक्यावरचा. आणि इंद्रजीत रोज शहरातून, उस्मानपुऱ्यातून बसनं यायचा. घरी पाळलेलं जनावर म्हणजे काचेच्या टाकीतले मासे. खिशात हात धुवायच्या जेलची छोटी बाटली. कोंबडीला हात लावायच्या आधी एकदा आणि नंतर दोनदा तो ते जेल चोळायचा.

"कोंबडीला तुझ्यापासून काही होऊ नये म्हणून आधी लावतोस का?" तनुजानं विचारलं.

"हो," तो म्हणाला. त्याला यात थट्टा दिसली नाही, आणि खरं म्हणजे त्याचं चुकलंही नव्हतं.

आवडाबाई आली ती पदरात काहीतरी गुंडाळून. गावामागच्या रानात तिचं बिऱ्हाड उतरलं होतं. शेतकऱ्यांना खत मिळावं म्हणून त्यांच्या रिकाम्या शेतात रात्री मेंढ्या बसवायच्या, आठ-दहा दिवसांनी पुढचं गाव गाठायचं, असा तिचा आणि तिचा नवरा कडूबा यांचा उन्हाळा. मेंढ्यांबरोबर थोड्या शेळ्याही होत्या. तिनं पदर सोडला तेव्हा आतून काळ्या अंगाचं, पांढऱ्या कानाचं एक करडू निघालं. मादी होती. मान खाली, शेपूट चिकटलेली.

"कालधरनं पातळ हगती," आवडाबाई म्हणाली. "हिचा जुळा भाऊ बघा, नुसता उड्या मारतोय. आन् ही बया अशी, मान टाकून."

"आईचं दूध पिते का?"

"पिती की. पोटात ऱ्हात नाय."

मी काट्यावर प्लास्टिकचा टब ठेवला. रामनं बटण दाबून शून्य आणलं आणि "शून्य" असं जाहीर केलं. मी करडू उचलायला हात पुढे केला, तर आवडाबाईनं ते परत पदरात ओढलं.

"तराजूत नाय घालायचं."

"आजी, औषध वजनावर द्यावं लागतं," इंद्रजीत म्हणाला.

"तान्ह्याला मापलं की नजर लागती. तराजूत घालतेत ते खाटकाच्या दारात, लेकरा. हितं कशाला?"

मी समजावायला तोंड उघडलं. नजर लागल्याचा पुरावा नाही, जास्त औषधानं करडं दगावल्याचा आहे, असं काहीतरी मी बोलणार होते. पण त्याआधी तनुजाच बोलली. "आमची आजीपण वासराला मापू देत नाय. पण आकडा तोंडानं बोलला नाय तर चालतं तिला. तुमच्यात कसं असतंय?"

आवडाबाईनं विचार केला. "बोलायचं नाय म्हंजी कुनीच नाय."

आम्ही सगळ्यांनी रामकडे बघितलं.

"मी काय केलं?" राम म्हणाला.

वजन झालं. राम काट्याकडे पाठ करून उभा राहिला. बघितलं असतं तर त्याला राहवलं नसतं. आकडा मी मनात धरला, त्यावरून औषधाचे थेंब काढले आणि सिरिंजनं मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं ते तिघांना दाखवलं. आवडाबाईला मी सांगितलं, करडू दुपारपर्यंत इथंच राहू दे, दर अर्ध्या तासानं पाणी पाजावं लागेल. ती मेंढ्यांमागे निघून गेली.

तेवढ्यात सरांनी म्हशीच्या डोळ्यासाठी मला हाक मारली. जाता जाता मी इंद्रजीतला म्हणाले, "हिला साफ करून ठेव."

मला म्हणायचं होतं, ओला कापूस घे आणि शेपटीखाली पूस. पण मी म्हणाले, "साफ करून ठेव". आणि ज्याला म्हणाले, तो इंद्रजीत होता.

म्हशीपाशी बराच वेळ गेला. परत आले तेव्हा करडू टॉवेलात गुंडाळून उन्हाच्या कडेला बसवलेलं होतं. केस फुललेले, कान दुधासारखे पांढरे आणि सगळ्या ओसरीवर फुलांच्या गाडीसारखा वास.

"पूर्ण केलं, ताई," इंद्रजीत म्हणाला. "कोमट पाणी घेतलं. कानाच्या आतसुद्धा."

मी आधी थर्मामीटर काढला. भीती फक्त गारठ्याची होती. ताप ना थंडी, एकोणचाळीस पूर्णांक एक सेल्सिअस, करडाला नेहमीचंच. रामनं आकडा वाचला. तापाच्या आकड्यावर बंदी नव्हती. करडू मान वर धरून होतं आणि हगवणही थांबत आली होती. मी इंद्रजीतला शाबासकी दिली. तनुजानं टॉवेल हुंगून भुवया वर केल्या.

दुपारी आवडाबाई आली. दारातूनच नाक वर करून म्हणाली, "हे काय? लगनाला निघाली का ही?" मग करडाचे डोळे बघितले, खूश झाली आणि पदरात घालून घेऊन गेली.

तासाभरात ती परत आली. या वेळी पदर झाकलेला नव्हता; करडू हातातच होतं आणि ओरडत होतं.

"हिची आई हिला घेईना."

"म्हणजे?" इंद्रजीतनं विचारलं.

"म्हंजी काय. कासंला लागाय गेली तर तिनं शेपटीकडनं हुंगलं आन् ढुशी दिली. परत गेली तर लाथ घातली. दोनदा उचलून लावली, दोनदा फेकली." आवडाबाई चिडलेली नव्हती. ती फक्त सांगत होती, आणि त्यामुळे ऐकायला जास्त वाईट वाटत होतं. "आन् आमी तर सकाळी उठतोय हितनं. पैठणच्या अंगाला जायचंय, धरनाचं पानी मागं सरलंय, चारा हाय तिकडं. वाटंनं बाटली कोन पाजनार? संध्याकाळपतुर आईनं घेतली तर घेतली. नायतर ही तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

आमच्याकडे ठेवायला हरकत नव्हती. हरकत करडाची होती. तनुजानं बाटलीला रबरी बोंडी लावून दूध दिलं, तर करडानं जिभेनं बोंडी बाहेर ढकलली. तीन आकारांच्या बोंड्या झाल्या. तिन्ही तिनं थुंकल्या. सिरिंजनं पाणी जात होतं, पण सिरिंजवर करडू वाढत नाही.

मी मुलांना सांगितलं की शेळी आपलं पिल्लू जवळून ओळखते ती मुख्यतः वासानं. व्यायल्यानंतर पहिल्या काही तासांत तो वास तिच्या डोक्यात बसतो. त्या वासाचं असेल तर माझं, नाहीतर परकं. म्हणून पिल्लू कासेला लागलं की ती वळून त्याच्या शेपटीपाशी हुंगते.

इंद्रजीत ऐकता ऐकता लाल झाला. "म्हणजे मी तिचा वास धुतला."

"साफ कर असं मी म्हटलं होतं," मी म्हणाले.

"शाम्पू किती घेतला होतास?" तनुजानं विचारलं.

"थोडा. अर्धी बाटली असेल."

रामनं बाटली उजेडात धरली. "चौथाई उरलीय," तो म्हणाला.

त्रिंबक सर हे सगळं हात पुसत ऐकत होते. "जा तिघं रानात. दिपाली, तू पण जा. मेंढरं उठायच्या आत काय करायचं ते करा." मग आवडाबाईला विचारलं, "तुमच्यात काय करतात अशा वेळी?"

"कुत्रं दावतेत. कुत्रं समोर आलं की शेळी पिल्लाला पाठीशी घेती. पन आमच्या कुत्र्यांना ती भीत नाय, रोजचीच हायेत. परकं पायजे."

सगळ्यांनी वकिलाकडे बघितलं. तो एका वकिलाच्या गाडीखाली आला होता म्हणून त्याचं नाव वकील. पाय बरा होऊन महिना झाला, तरी दवाखाना सोडायला तयार नव्हता. राम त्याला दोरी बांधू लागला. निघताना मी काटा, टब आणि टॉवेल उचलले. कशासाठी, ते तेव्हा मलाही नीट ठरवता आलं नव्हतं.

रानात ऊन उतरत होतं. मेंढ्या रात्री कोंडायच्या जाळीजवळ गोळा होत होत्या, लांब कंपनीच्या पाळीच्या बसगाड्या रस्त्यानं ओळीत चालल्या होत्या. शेळी बाभळीला बांधलेली होती, तपकिरी, लांब कानांची; तिचा मुलगा तिच्या पोटाखालून इकडून तिकडे जात होता. कडूबा दगडावर बसून दोरी वळत होता. त्यानं आमची मिरवणूक पाहिली: करडू घेतलेली बायको, काटा घेतलेली डाक्टरीन, दोन पोरं, एक पोरगी, एक कुत्रा.

"सारा दवाखानाच आनला की गं," तो म्हणाला.

पहिला प्रयोग तनुजाचा. शेळीचं थोडं दूध हातावर काढून तिनं करडाच्या अंगाला आणि शेपटीला चोळलं. शेळीनं हुंगलं, वरचा ओठ उचलला, क्षणभर थांबली. आम्हीही थांबलो. मग तिनं ढुशी दिली.

"मोगरा वर येतोय," तनुजा म्हणाली. "दूध खाली दबलंय."

दुसरा प्रयोग वकिलाचा. करडू शेळीजवळ सोडलं आणि रामनं वकिलाला समोरून आणलं. शेळीनं कान ताठ केले, पुढचा पाय आपटला. काहीतरी होणार असं वाटलं. वकिलानं शेळीकडे पाहिलं, बाभळीकडे पाहिलं आणि सावली फक्त शेळीच्या बाजूलाच आहे हे लक्षात आल्यावर तिच्या शेजारी जाऊन आडवा झाला. शेळीनं त्याची दोरी चावून बघितली.

"भुंक ना," राम त्याला म्हणाला.

वकिलानं डोळे मिटले.

कडूबा हसू लागला. "कसला रं वकील तुमचा. इरोधी पार्टीच्या मांडीवर जाऊन झोपला."

आवडाबाईपण हसली, पण तिनं पश्चिमेकडे बघितलं. करडाचं ओरडणं आता बारीक झालं होतं. आवाज अजून होता, पण दोन ओरडण्यांमधलं अंतर वाढत होतं. इंद्रजीत त्याच्याजवळ उकिडवा बसला होता. बराच वेळ त्यानं शेळीच्या मुलाकडे बघितलं, त्या उड्या मारणाऱ्या भावाकडे.

"ताई, जुळ्यांचा वास सारखा असतो का?"

"अगदी सारखा असेल असं नाही. पण एकाच पोटातले, एकाच जागी झोपलेले, एकच दूध प्यालेले. बराच सारखा असणार."

"मग त्याचा वास हिला लावला तर? हिच्या अंगावर तिचा वास नाहीये. त्याच्या अंगावर आहे. त्याला कुणी धुतलं नाहीये."

मी याचा विचार केला नव्हता. आवडाबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "कधी केलं नाय. लावून बघ की."

"तो कुठं झोपतो?" इंद्रजीतनं विचारलं.

कडूबानं एक जुना पोत्याचा बारदाना काढून दिला. त्याचा वास मला चार हातांवरून आला. इंद्रजीतनं तो मांडीवर पसरला, त्यात दोन्ही करडं घेतली आणि वरून गुंडाळून बसला. भावाची पाठ बहिणीच्या पाठीवर घासली, त्याची शेपटी तिच्या शेपटीवर. भाऊ आत लाथा मारत होता. याचा दुसरा फायदा असा की तेवढा वेळ तो आईला पिणार नव्हता आणि कास भरून राहणार होती. ते मी मनात नोंदवलं.

"ल्हानपनी आमी बी अशीच करडं घेऊन बसायचो मांडीवर," कडूबा म्हणाला, "पन पँट नवी नसायची."

थोड्या वेळानं इंद्रजीत एकदम ताठ झाला.

"काय झालं?" राम.

"त्यानं केली."

"काय?"

"सू."

इंद्रजीतच्या निळ्या पँटवर एक गडद डाग पसरत गेला. तनुजानं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. आवडाबाई गुडघ्यावर हात ठेवून पुढं झुकली आणि म्हणाली, "आता झालं काम. ह्योच खरा शाम्पू, लेकरा."

मला वाटलं, हा आता उठेल. त्याचा हात खिशाकडे गेलाही. मग तो हात परत आला. त्यानं बारदान्याचा ओला कोपरा धरला आणि बहिणीच्या शेपटीखाली, मांड्यांना, पाठीला, कानांना नीट चोळला. सकाळी ज्या क्रमानं धुतलं होतं, त्याच क्रमानं. कानाच्या आतसुद्धा.

"हुंग बरं," तो तनुजाला म्हणाला.

"मी का हुंगू?"

"मला आता काहीच कळत नाहीये."

तनुजानं हुंगलं. "मोगरा गेला नाही," ती म्हणाली. "पण आता तो एकटा नाहीये."

सूर्य खाली आला होता. आता लावून बघायचं होतं, आणि काटा कशाला आणला ते मला तेव्हा कळलं. करडू कासेला लागलं, शेपूट हलवली, म्हणजे ते प्यालंच असं नाही. शेळी दूध चोरूनही धरते. उद्या पैठणच्या वाटेवर आवडाबाईला हे कळून उपयोग नव्हता. आजच कळायला हवं होतं. पाजायच्या आधी वजन करायचं, पाजल्यावर परत करायचं. फरक पडला तर तो दुधाचाच.

हे मी आवडाबाईला सांगितलं. सांगताना थोडी घाबरले होते, कारण एका दिवसात दोनदा मापायचं होतं.

"दोनदा?" ती म्हणाली.

"पहिल्यांदा उपाशी, दुसऱ्यांदा पोट भरल्यावर."

तिनं शेळीकडे बघितलं, मग इंद्रजीतच्या पँटकडे. "बोलायचं नाय," ती म्हणाली.

कडूबानं एक सपाट दगड आणून दिला. वारं लागू नये म्हणून रामनं आणि तनुजानं दोन्ही बाजूंनी टॉवेल धरला. टब ठेवला, शून्य केलं, करडू ठेवलं. ते थरथरत होतं, त्यामुळे आकडा पळत राहिला, मग थांबला. रामला या वेळी पाठ फिरवायची नव्हती. त्यानं एका हातानं टॉवेल आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड धरलं. दोन किलो सहाशे पस्तीस. मी इंद्रजीतकडे बघितलं. त्यानंही पाहिला होता. त्यानं मान हलवली.

आवडाबाई शेळीचं तोंड धरायला पुढे झाली.

"आजी, धरू नका," इंद्रजीत म्हणाला. "धरून घेतली तर उद्या कोण धरणार?"

आवडाबाई थांबली. दोन पावलं मागं आली. "शिकायलंय पोरगं," ती कडूबाला म्हणाली.

इंद्रजीतनं करडू शेळीच्या मागच्या पायांजवळ ठेवलं आणि हात काढून घेतला. पँट अंगाला चिकटली होती, बाही कोपरापर्यंत मळली होती. त्यानं हात कशालाच पुसले नाहीत.

करडू एकदा अडखळलं. मग नाक कासेकडे नेलं. शेळी वळली. तिनं शेपटीपाशी नाक नेलं आणि हुंगलं. पुन्हा हुंगलं. वरचा ओठ उचलला. वकिलानं एक डोळा उघडला. शेळीनं मागचा पाय उचलला.

तिनं पाय खाली ठेवला, थोडा बाजूला, कास मोकळी होईल असा. तिच्या घशातून एक अगदी हलका, तोंड न उघडता काढलेला आवाज आला, जो ती तिच्या मुलासाठी काढत होती. आणि करडाची शेपूट हलू लागली.

"पान्हा सोडला," आवडाबाई हळूच म्हणाली.

भाऊ बारदान्यातून सुटून दुसऱ्या सडाकडे धावला, पण तनुजानं त्याला मधेच पकडलं. "थांब रे, तुझं नंतर." कुणी पुढं गेलं नाही. करडू पीत होतं, मधे मधे कासेला डोक्यानं धक्का देत होतं आणि शेळी त्याच्या पाठीवरून जीभ फिरवत होती. मोगरा, बारदाना, सगळंच चाटत होती.

मग करडू स्वतःहून बाजूला झालं. तोंडाला फेस होता. इंद्रजीतनं ते उचललं, मुतायच्या आत, घाईनं पण सांभाळून. राम आणि तनुजानं टॉवेल धरला. टब तोच, दगड तोच. मी शून्य केलं.

रामचा मोकळा हात पुन्हा तोंडावर गेला. आवडाबाई काट्याकडे बघत नव्हती. ती आमच्या चौघांच्या तोंडांकडे बघत होती. आकडा पळाला, मागं आला, थांबला.

दोन किलो सातशे पंचाहत्तर ग्रॅम. मघापेक्षा एकशे चाळीस जास्त.